उर्दू मजकुरातली लिंक: स्लॅश हाताने हलवू नका

उर्दू लग्नपत्रिकेत हॉलच्या नकाशाचा वेबपत्ता टाकला की त्याच्या शेवटचा स्लॅश उडी मारून डाव्या टोकाला जाऊन बसतो. डीटीपी करणारा तो पुसतो, पुन्हा शेवटी टाइप करतो. स्लॅश पुन्हा डावीकडे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्याला एक युक्ती सापडते: स्लॅश पत्त्याच्या आधी टाइप केला की तो आपोआप उजवीकडे दिसतो. पडद्यावर सगळं सुरेख. पण फाइलमध्ये पत्ता आता स्लॅशने सुरू होतो, म्हणजे लिंक मेली.

ही युक्ती मीही केली आहे. वलीम्याच्या, म्हणजे लग्नानंतरच्या मेजवानीच्या, कार्डाची पीडीएफ घरोघरी व्हॉट्सॲपवर पोचल्यावर मुलाचे काका रावपुऱ्यातल्या आमच्या टेबलासमोर मोबाइल धरून उभे राहिले: "भाई, लिंक खूलती नथी." तेव्हापासून मी खालच्या क्रमाबाहेर जात नाही.

बडोद्यात गुजराती-मराठीच्या जोडीला अशी कामं येतच असतात. उर्दू पत्रिका, अरबी लिपीत लिहिलेली बोहरी समाजाची भाषा लिसान-उद-दावत, विद्यापीठाच्या फारसी, अरबी आणि उर्दू विभागातल्या विद्यार्थ्यांचे प्रबंध. लिपी येत नसली तरी हे काम नीट करता येतं. मला स्वतःला उर्दू अडखळतच वाचता येतं.

सुरू करण्याआधी: हे का होतं?

संगणक अक्षरं टाइप झाली त्याच क्रमाने साठवतो. पडद्यावर कोणतं कुठे दाखवायचं, हे युनिकोडचा दिशेचा नियम ठरवतो. उर्दू अक्षर पक्कं उजवीकडून डावीकडे जाणारं, इंग्रजी किंवा मराठी अक्षर पक्कं डावीकडून उजवीकडे. स्लॅश, टिंब, कंस, प्रश्नचिन्ह, जागा यांना स्वतःची पक्की दिशा नाही, ती शेजाऱ्यांकडे बघून ठरते. दोन्ही बाजूंना इंग्रजी अक्षरं असली तर ती मुकाट इंग्रजीबरोबर जातात, म्हणून पत्त्याच्या पोटातले स्लॅश कधी हलत नाहीत. शेवटच्या स्लॅशच्या एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला उर्दू असतं. अशा वेळी तो परिच्छेदाची दिशा घेतो आणि डावीकडे जातो.

तेव्हा स्लॅश डावीकडे दिसला म्हणून पत्ता मोडला असं समजू नका. तो फक्त तसा दाखवला जातोय. दुरुस्ती दाखवण्याची करायची, पत्त्याची नाही.

१. पत्ता आधी वेगळ्या फाइलीत स्वच्छ करून ठेवा

नोटपॅड उघडा. जितक्या लिंका आहेत तितके पत्ते एका ओळीत एक असे पेस्ट करा. प्रत्येक पत्ता तिथून उचलून ब्राउझरमध्ये उघडून बघा. पुढच्या सगळ्या कामात पत्ता याच फाइलीतून कॉपी करायचा. व्हॉट्सॲपच्या निरोपातून नाही आणि गिऱ्हाइकाच्या वर्ड फाइलीतून तर मुळीच नाही.

कारण असं, की कॉपी केलेल्या मजकुरासोबत दिशेची अदृश्य चिन्हं येतात. मोबाइलच्या संपर्क यादीतून उचललेल्या नंबरांबरोबर तर बरेचदा. ती दिसत नाहीत, पण लिंकच्या पत्त्यात शिरली की सर्व्हर त्यांना पत्त्याचाच भाग समजतो आणि पान सापडत नाही म्हणून सांगतो.

*तपासा:* कर्सर पत्त्याच्या शेवटी नेऊन डावा बाण एकेकदा दाबत जा. बाण दाबला आणि कर्सर जागचा हलला नाही, तर तिथे अदृश्य चिन्ह बसलंय. अशा वेळी पुसत बसू नका, पत्ता हाताने नव्याने टाइप करा.

पत्त्यात उर्दू अक्षरं असली तर ब्राउझरमधून कॉपी करताना त्यांची टक्क्याच्या खुणांची लांबलचक माळ होते. एका उर्दू अक्षराच्या जागी सहा खुणा, आपल्या देवनागरी अक्षराच्या जागी नऊ. घाबरू नका, लिंकमागच्या पत्त्यासाठी हेच रूप सर्वांत सुरक्षित, कारण त्यात दिशा बदलणारं काही उरत नाही. छापील मजकुरात मात्र ही माळ दाखवू नका.

२. परिच्छेदाची दिशा लावा, नुसता उजवीकडे सरकवू नका

सर्वांत जास्त चुकतं ते इथे. मजकूर उजव्या समासाला चिकटवणं वेगळं आणि परिच्छेदाची दिशा उजवीकडून डावीकडे करणं वेगळं. नुसतं सरकवलं तर वरवर उर्दूच दिसतं, पण आत परिच्छेद डावीकडून चालणाराच राहतो. मग वाक्याच्या मध्ये लिंक आली की तिच्या अलीकडचे आणि पलीकडचे उर्दू शब्द आपापसांत जागा बदलतात. वाचणारा वाक्याचा शेवट आधी वाचतो. उर्दू न वाचणाऱ्या आपल्यासारख्याच्या हे लक्षातसुद्धा येत नाही.

वर्डमध्ये दिशेची दोन बटणं मुख्य पट्टीवर परिच्छेदाच्या गटात असतात. ती दिसत नसतील तर ऑफिसच्या भाषांच्या यादीत आधी उर्दू किंवा अरबी जोडा. कीबोर्डवरून करायचं तर कंट्रोलबरोबर उजवी शिफ्ट. लिब्रेऑफिसमध्ये पर्यायांत जाऊन भाषांच्या पानावर जटिल मजकूर रचनेची खूण करावी लागते. इनडिझाइनची साधी इंग्रजी आवृत्ती ही बटणं दाखवत नाही. अरबीची सोय असलेली इंग्रजी आवृत्ती उतरवून घ्या आणि परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा.

*तपासा:* उर्दू ओळीच्या शेवटी पूर्णविरामाऐवजी इंग्रजी उद्गारचिन्ह टाइप करा. ते डाव्या टोकाला गेलं तर दिशा बरोबर. उजव्या टोकाला अडकलं तर फक्त सरकवलंय. तपासून झालं की पुसा.

३. पत्ता दाखवायचाच आहे का, हे ठरवा

कार्ड फक्त मोबाइलवर जाणार असेल तर पत्ता दाखवूच नका. ‘नकाशा इथे पाहा’ अशा अर्थाचे दोन-तीन उर्दू शब्द लिहा आणि लिंक त्यांना लावा. दिशेचा निम्मा त्रास तिथेच संपतो.

छापायचं असेल तर पत्ता दिसायला हवा. मग त्याला वाक्यात कोंबू नका, स्वतःची ओळ द्या आणि तेवढ्याच ओळीची दिशा डावीकडून उजवीकडे करून ती मध्यावर आणा. वाक्यात ठेवलेला लांब पत्ता ओळीच्या शेवटी तुटला तर काय होतं पाहा: पहिला तुकडा वरच्या ओळीच्या डाव्या टोकाला, उरलेला खालच्या ओळीच्या उजव्या टोकाला, आणि दोन्ही तुकडे आतून डावीकडून उजवीकडे वाचायचे. नियमाप्रमाणे ते बरोबर आहे, पण असा पत्ता बघून टाइप करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

क्यूआर कोड देणार असाल तर तोही पहिल्या टप्प्यातल्या फाइलीवरूनच बनवा. अदृश्य चिन्ह कोडमध्येही तितक्याच निमूटपणे जाऊन बसतं.

४. आधी लिंक, मग चिन्ह

हा क्रम उलटा झाला की सगळं मुसळ केरात.

पहिलं, दिसणारे शब्द निवडा, कंट्रोल के दाबा आणि पत्त्याच्या खान्यात नोटपॅडमधला पत्ता पेस्ट करा. वर्डला आपणहून लिंक करू देऊ नका. पत्ता टाइप करून जागा सोडली की तो दिसणाऱ्या मजकुरावरूनच लिंक बनवतो, म्हणजे मजकुरात काही लपलेलं असेल तर तेही आत घेतो.

दुसरं, दिसणारा पत्ता स्लॅशने, कंसाने किंवा अशाच बेपत्ता दिशेच्या खुणेने संपत असेल तर कर्सर लिंकच्या बाहेर, अगदी लगत नेऊन एलआरएम नावाचं चिन्ह टाका. हे डावीकडून उजवीकडे जाणारं, पण न दिसणारं अक्षर. आता स्लॅशच्या दोन्ही बाजूंना एकाच दिशेचे शेजारी आले, त्यामुळे तो निमूट उजवीकडे येतो.

लिब्रेऑफिसमध्ये हे चिन्ह घालण्याच्या (इन्सर्ट) यादीत, स्वरूपणाच्या खुणांत मिळतं. वर्डमध्ये इंग्रजी कीबोर्डवर २०० आणि त्याला लागून इंग्रजी ई टाइप करून आल्ट आणि एक्स दाबायचं.

*सावध:* वर्ड आल्ट-एक्स दाबल्यावर मागचे आकडे आणि ए ते एफपर्यंतची अक्षरं मिळून एकच संकेतांक समजतो. पत्ता ‘कार्ड’ या इंग्रजी शब्दाने संपत असेल तर त्यातला डीसुद्धा तो गिळतो आणि भलतंच अक्षर उमटवतो. म्हणून चिन्ह रिकाम्या ओळीवर तयार करा, कट करा, मग जागेवर पेस्ट करा.

*तपासा:* लिंकवर उजवं क्लिक करून तिचा पत्ता पुन्हा उघडा. शेवटी टक्क्याच्या अनोळखी खुणा दिसल्या तर चिन्ह लिंकच्या आत शिरलंय. लिंक काढा, पुन्हा लावा.

वर्ड सगळं युनिकोडच्या नियमानेच करतो असंही नाही. टाइप करताना कोणता कीबोर्ड चालू होता, यावरूनही तो विरामचिन्हांची बाजू ठरवतो. एकच ओळ वर्डमध्ये एक दिसते आणि नोटपॅडमध्ये वेगळी, याचं कारण हे. म्हणून पत्ता, नंबर, त्यातले स्लॅश सगळं इंग्रजी कीबोर्डवर टाइप करायचं आणि उर्दू शब्द सुरू झाला की मगच कीबोर्ड बदलायचा.

प्रबंध लाटेक या आज्ञा टाइप करून पानं रचणाऱ्या सॉफ्टवेअरवर करणाऱ्यांसाठी एवढंच: झीलाटेकमध्ये हायपररेफ पॅकेज आधी आणि पॉलीग्लॉसिया किंवा बायडाय नंतर. क्रम उलटा केला तर बायडाय चूक दाखवून थांबतं. मजकुरातला पत्ता एलआर या आज्ञेच्या कंसात गुंडाळायचा. तिथे वेगळं चिन्ह घालायची गरज पडत नाही.

५. फोन नंबर: इथे जास्त वेळ द्या

लिंक मोडली तर माणूस फोन करतो. नंबर उलटा छापला गेला तर तोही मार्ग बंद.

बडोद्याचा ०२६५ हा कोड, मग आडवी रेघ, मग नंबर. उर्दू शब्दानंतर हे इंग्रजी आकड्यांत टाइप केलं की दोन्ही गट जागा बदलतात: डावीकडे नंबर, उजवीकडे कोड. प्रत्येक गटाच्या आतले आकडे बरोबर असतात, म्हणून प्रुफात नजर त्यावरून घसरते. आडव्या रेघेऐवजी नुसती जागा सोडली तरी तेच. देशाच्या ९१ आधीचा अधिकही आकड्याच्या उजवीकडे जाऊन बसतो.

तारखेचं तर विचित्रच. १५-०८-२०२४ ही आडव्या रेघांची तारीख उर्दू शब्दामागे २०२४-०८-१५ अशी दिसते, आणि तीच स्लॅशने लिहिली तर जशीच्या तशी राहते. कारण आकड्यांमध्ये एकटा स्लॅश आला तर नियम त्याला आकड्यांशी जोडतो. अरबी लिपीच्या अक्षरामागे आडव्या रेघेला ही सवलत नाही. हिब्रूच्या मागे आहे, पण ते काम आपल्याकडे कोण आणतंय.

आता एक गंमत. हा लेख देवनागरी आकड्यांत आहे, आणि वरचे नंबर मी याच आकड्यांत उर्दू ओळीत पेस्ट केले असते तर सुरुवातीचा अधिक सोडून काहीच हललं नसतं. देवनागरी आणि गुजराती आकड्यांना युनिकोडने पक्की दिशा दिली आहे, ते अक्षरांसारखेच वागतात. इंग्रजी आकडे मात्र आधीच्या अक्षराकडे बघून वळतात. म्हणूनच वर्षानुवर्षं मराठी-गुजराती करणाऱ्याला हा दोष कधी भेटलेला नसतो आणि पहिल्याच उर्दू कामात तो फसतो.

उपाय सोपा. नंबर सुरू होण्याआधी एलआरएम चिन्ह टाका. लिंकच्या पत्त्याला ते शेवटी लागतं, नंबरला सुरुवातीला. अधिकची खूण असली तर तिच्याही आधी. नंबरला फोनची लिंक लावत असाल तर लिंकमागच्या पत्त्यात अधिक, ९१ आणि आकडे सलग लिहा, मध्ये जागा किंवा रेघ नको.

६. दोन नंबर किंवा दोन पत्ते शेजारी आले तर

समजा ओळीत आधी मुलाकडचा नंबर, मग मुलीकडचा. पाचव्या टप्प्याप्रमाणे पहिल्याच्या आधी चिन्ह टाकलं. आता दुसराही त्याच दिशेत ओढला जातो आणि दोन्ही मिळून डावीकडून उजवीकडे जाणारी एकच पट्टी होते. उर्दू वाचणारा उजवीकडून सुरू करतो, म्हणजे त्याच्या हाती आधी मुलीकडचा नंबर येतो. वरच्या ओळीत नावं मुलगा-मुलगी याच क्रमाने असली तर वरातीची विचारपूस थेट वधूच्या मामाकडे.

दोघांच्या मध्ये आरएलएम, म्हणजे उलट दिशेचं चिन्ह टाकायचं (संकेतांक २०० आणि एफ) आणि दुसऱ्या नंबरच्या आधी पुन्हा एलआरएम. याहून नेटकं म्हणजे प्रत्येक नंबर वेगळ्या डब्यात बंद करणं: आधी २०६६ संकेतांकाचं चिन्ह, नंतर २०६९ चं. आतलं बाहेर आणि बाहेरचं आत काही झिरपत नाही. ही जोडी युनिकोडमध्ये २०१३ साली आली, त्यामुळे जुनी सॉफ्टवेअर्स तिला ओळखत नाहीत आणि चिन्हाच्या जागी चौकोन दाखवतात. चौकोन दिसला तर पहिल्या उपायावर या.

खरं सांगायचं तर कार्डावर मी दोन नंबर दोन ओळींतच ठेवतो.

७. नस्तालीकमध्ये लिंक दाखवताना

अधोरेखन काढून टाका. नस्तालीकमध्ये, म्हणजे उर्दूच्या नेहमीच्या तिरप्या वळणात, शब्द उतारावर घसरत खाली येतो, आणि रेघ नेमकी नुक्त्यांवरून, म्हणजे अक्षरांच्या ठिपक्यांवरून, जाते. बे आणि पे यांत फरक खालच्या नुक्त्यांचाच. लिंकला रंग द्या, गडद निळा किंवा गडद हिरवा.

रंग पूर्ण शब्दाला द्यायचा. लिंकची हद्द शब्दाच्या मधोमध आली तर काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षर तिथेच तुटतं आणि दोन अक्षरं सुटी दिसतात. शब्दानंतरची जागाही लिंकमध्ये घेऊ नका.

८. पीडीएफ

वर्डमधून फाइल ‘पीडीएफ म्हणून जतन’ करा. प्रिंटच्या यादीतला पीडीएफ प्रिंटर निवडलात तर लिंका गळून पडतात, फक्त रंगीत शब्द उरतात. इनडिझाइनमध्ये छपाईसाठीची पीडीएफ काढताना हायपरलिंक्सच्या चौकटीत खूण आहे का ते बघा.

आपल्याकडची बरीच उर्दू कामं अजून इनपेज या उर्दू टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप होतात आणि चित्र बनून कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये येतात. तिथे अक्षरांच्या आकृत्या झालेल्या असतात, लिंक लावायला मजकूरच नसतो. हरकत नाही. तयार पीडीएफ ॲक्रोबॅटमध्ये उघडा, लिंकचं साधन घ्या, शब्दांवर चौकट ओढा आणि पत्ता पेस्ट करा. जुन्या इनपेजचा मजकूर कॉपी करून वर्डमध्ये नेऊ नका. तो युनिकोड नसतो, नुसता कचरा उमटतो, आधी रूपांतर करावं लागतं.

९. शेवटची तपासणी, याच क्रमाने

ॲक्रोबॅटमध्ये लिंकचं साधन निवडलं की सगळ्या लिंकांच्या चौकटी दिसतात. चौकट शब्दांवरच आहे का, पाहा. ओळ तुटलेल्या लिंकची चौकट कधी कधी भलत्याच शब्दांवर जाते, आणि नस्तालीकच्या उंच ओळींत शेजारच्या ओळीवरही चढते.

मग लिंक दाबून बघा, पण संगणकावरच्या यशावर विसंबू नका. काही वाचक ॲप दिसणारा पत्ता ओळखून स्वतःच लिंक करतात. तुम्ही लावलेली लिंक नसली तरी तिथे ती चालते आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर चालत नाही.

त्यानंतर छापील प्रत काढा आणि नंबर मूळ कागदाशी जुळवा, मोठ्याने, आकडा-आकडा वाचून. उर्दू वाचणाऱ्याला वाक्यं दाखवताना त्याला फक्त शुद्धलेखन विचारू नका, लिंकच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य सलग लागतं का, ते विचारा.

आणि गिऱ्हाइकाला पाठवण्याआधी पीडीएफ स्वतःला व्हॉट्सॲप करा, तिथूनच उघडा आणि प्रत्येक लिंक अंगठ्याने दाबा. हॉलचा नकाशा उघडून सुई मांडवीऐवजी मकरपुऱ्यात टोचलेली दिसली, तर ती चूक दिशेची नाही. गिऱ्हाइकानेच चुकीचा पत्ता दिला आहे. त्याला आत्ताच फोन करा.